नायिका बोलली, तर मालिका आठवड्यात संपेल

प्रश्न असा आहे: "मालिकेला नाव बाईचं, पोस्टरवर फोटो बाईचा, शीर्षकगीतही तिच्यावरच. मग ती रोज अर्धा तास नुसती सोसते का? लिहिणाऱ्याही पुष्कळदा बायकाच असतात. त्यांना हे दिसत नाही का? आणि आम्ही हे बघावं की बंद करावं?"

दिसतं. बरीच वर्षं मालिकांचे संवाद लिहिण्यावर माझं घर चाललंय, त्यामुळे हे खात्रीने सांगते. दिसत असूनही तेच लिहिलं जातं, आणि त्यामागची कारणं बाहेरून वाटतात तितकी वैचारिक नसतात. निम्मी कारणं सरळ हिशेबाची आहेत.

आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळल्या तर एकेक भाग बावीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे वर्षाला तीनशेच्या घरात भाग. 'चार दिवस सासूचे' २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांच्या वर भाग झाले. इतकं काही कुणाच्याच आयुष्यात घडत नाही. मग मालिका चालवायची म्हणजे नवीन काही घडवायचं, यापेक्षा जे घडणार आहे ते लांबवायचं. लांबवण्याचे उपाय अनेक आहेत: अपघात, स्मृतिभ्रंश, कोर्टाची तारीख, परदेशातून अचानक आलेला माणूस. पण या सगळ्यांना पैसे लागतात. नवा नट, बाहेरचं लोकेशन, हॉस्पिटलचा सेट. बिनखर्चाचा उपाय एकच: जिला माहीत आहे तिने सांगायचं नाही.

आता गप्प कुणाला बसवायचं? नायक तीन आठवडे गप्प राहिला, तर "हा एवढा बावळट कसा?" असं घराघरात विचारतात. नायिका तीन महिने गप्प राहिली, तर तिला समंजस म्हणतात. तिच्या गप्प बसण्याला लागणारी कारणं आपल्याकडे तयार ठेवलेली आहेत. घर मोडू नये. आईंचं बीपी वाढेल. त्यांना ऑफिसचं टेन्शन आहे, आत्ता नको. यातलं एकही कारण लेखकाला नव्याने पटवून द्यावं लागत नाही, प्रेक्षक ती घरूनच घेऊन येतो. सोशिकपणा हा मालिकेचा विचार आहे असं समीक्षक म्हणतात. आमच्या टेबलावर तो इंजिनाचं काम करतो. नायिकेने मंगळवारी तोंड उघडलं तर शनिवारी मालिका संपेल, इतकं सोपं आहे ते.

एक प्रसंग जवळून दाखवते. मालिका आणि वाहिनी कोणती, ते राहू दे. चाळिशीतली नायिका, लग्नानंतर सुटलेली नोकरी तिला पुन्हा मिळते. शाळेतून नेमणुकीचं पत्र येतं. माझ्या हातात आलेल्या वन-लाइनमध्ये, म्हणजे सीनमध्ये काय घडणार ते सांगणाऱ्या एका ओळीत, एवढंच होतं: 'तिला पत्र मिळतं, घरात कळतं.' मी सीन लिहिला तो सकाळचा. सगळे पोहे खातायत. ती पोहे वाढता वाढता म्हणते, "सोमवारपासून शाळेत जातेय. सकाळचे डबे भरून जाईन. संध्याकाळच्या पोळ्यांचं मात्र बघावं लागेल कुणाला तरी." सासूच्या हातातला घास थांबतो. सासरे चष्मा काढून तिच्याकडे बघतात. मोठा मुलगा मोबाईलमधून मान वर न करता "ओके" म्हणतो. संपला सीन.

दुसऱ्या दिवशी वाहिनीकडून नोट आली. पहिला मुद्दा: "नायिका हार्ड वाटतेय. तिने सांगू नये, विचारावं." दुसरा मुद्दा: "पत्राचं लगेच सगळ्यांना कळलं तर पुढच्या आठवड्याचं काय?"

मग पत्र देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली गेलं. ते जाऊबाईंना सापडलं, त्यांनी तूरडाळीच्या डब्यात लपवलं, आणि नायिका दोन आठवडे डोळ्यांत पाणी आणून ते शोधत राहिली. शेवटी पत्र सासऱ्यांच्या हाती लागतं तेव्हा तिच्या तोंडी वाक्य होतं, "बाबा... मी जाऊ का?" त्या भागाच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे चांगले आले, हेही सांगायला हवं.

या दोन मुद्द्यांकडे नीट बघा. पहिला बाईने कसं वागावं याबद्दलचा आहे, दुसरा निव्वळ दिवस भरण्याचा. पण ते एकाच ईमेलमध्ये, एकाखाली एक आले होते, आणि पहिला मान्य केला की दुसरा आपोआप सुटत होता. तिने विचारायचं ठरलं की ती थांबणार, ती थांबली की पत्र लपवता येणार. म्हणून 'वाहिनीवाले प्रतिगामी आहेत' हे उत्तर मला अपुरं वाटतं. नोट पाठवणारी मुलगी स्वतः अंधेरीत एकटी राहणारी, रात्री अकरापर्यंत काम करणारी होती. तिला गुरुवारी आकड्यांचा जाब द्यायचा होता. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात, आणि पुढचे काही दिवस कोणी काय लिहायचं ते त्यावर ठरतं.

याला पुरावा हवा असेल तर जुन्या मालिका बघा. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकरांची रजनी गॅसवाल्याशी भांडायची, टॅक्सीवाल्याशी भांडायची आणि जिंकायची. ती तेवढी धीट असू शकली याचं मोठं कारण म्हणजे ती आठवड्यातून एकदा यायची आणि तिची तक्रार त्याच भागात निकाली निघायची. तिच्या जिंकण्याने पुढच्या भागाचं काही बिघडत नव्हतं. तीच रजनी आज रोज साडेसातला दिली, तर गॅस सिलिंडर मिळायला गणपती उजाडेल. आणि मध्ये तिच्या नवऱ्याला गॅस एजन्सीच्या मालकाची मुलगी भेटेल.

'पूर्वीच्या मालिका बघा कशा होत्या' असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही, पण त्यांचं एक म्हणणं खरं आहे. सह्याद्रीवरची 'दामिनी' पत्रकार होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) सुरू झाली आणि 'आभाळमाया'तली सुधा जोशी आली, ती प्राध्यापक. २००३ च्या 'वादळवाट'मधली रमा चौधरी वकील. या बायका रडायच्या, घरात अडकायच्या, सगळं होतं. पण त्यांचं काम गोष्टीच्या आत होतं. रमाची वकिली काढली तर 'वादळवाट' उभीच राहत नाही. आजच्या बऱ्याच नायिका नोकरी करतात ती पहिल्या पंधरा दिवसांत, ओळखीपुरती. लग्न झालं की ती नोकरी कुठे जाते हे कुणी विचारत नाही. 'होणार सून मी ह्या घरची' मधली जान्हवी बँकेत होती. पण लोकांच्या लक्षात राहिल्या तिच्या सहा सासवा, तिचं मंगळसूत्र आणि तिचं संपता न संपणारं गरोदरपण. महाराष्ट्रभर विनोद झाले त्यावर. त्या विनोदांमागे आमचंच गणित होतं: बाळंतपण हा मालिकेतला एकमेव असा निकाल आहे की जो लांबवला तरी नायिकेला कोणी दोष देत नाही.

नोकरी गायब होण्याचं आणखी एक कारण कुठल्याच लेखात सापडत नाही. ते म्हणजे सेट. मालिकेचा कायमचा सेट घराचा असतो: हॉल, स्वयंपाकघर, देवघर, जिना, दोन बेडरूम. मढला, फिल्मसिटीत किंवा घोडबंदर रोडला तो उभा असतो आणि त्याचं भाडं रोज चालू असतं. शाळेचा वर्ग दाखवायचा तर लोकेशन शोधा, वीस मुलं आणा, परवानगी घ्या, दिवसाचे सीन कमी होतात. म्हणून नायिकेने शाळेत काय केलं हे ती घरी आल्यावर, भाजी निवडत, कुणाला तरी सांगते. नायकाचंही तेच होतं म्हणा, 'बिझनेस' म्हणजे एक टेबल आणि मागे काचेची भिंत. पण त्याचा बिझनेस आपण न बघता मान्य करतो. तिचं काम दिसलं नाही की ते नव्हतंच असं होतं.

आता खलनायिकेबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. मालिकेतली सगळ्यात कष्टाळू बाई कोण, तर खलनायिका. ती पहाटे उठून कट करते, कागद बदलते, दाराआड उभी राहते, चार लोकांना फोन लावते, एका कामात हरली तर संध्याकाळपर्यंत दुसरं काढते. पटकथेचा साधा नियम असा की ज्याला काहीतरी हवं असतं तो गोष्ट चालवतो. आम्ही काय केलं, हवं असणं सगळं खलनायिकेला देऊन टाकलं. नायिकेकडे उरलं ते फक्त तिच्या खेळीला उत्तर देणं, तेही उशिरा. मग पैसा हवा असणं, पद हवं असणं, पुरुष हवा असणं, स्वतःची खोली हवी असणं या सगळ्याला एक वास लागला. नायिकेला स्वतःसाठी काही हवं असलं की आधी ते दुसऱ्या कुणासाठी आहे असं दाखवावं लागतं: मुलाची फी, वडिलांचं ऑपरेशन, सासऱ्यांनी गहाण टाकलेलं घर. कपड्यांवर, केसांवर, बिनबाह्यांच्या ब्लाउजवर टीका होते ती बरोबरच आहे, पण ते वरचं रंगकाम आहे. मला जास्त टोचतं ते हे, की ठरवून काही करणारी बाई आमच्याकडे वाईटच निघते.

या चौकटीत 'आई कुठे काय करते' कुठे बसते, ते जरा सविस्तर बघायला हवं. मूळ गोष्ट बंगाली, लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमयी', २०१९ ची. तीच हिंदीत 'अनुपमा' झाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही गेली. मराठीत ती डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर आली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. पटकथा नमिता वर्तक, संवाद मुग्धा गोडबोले. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पंचवीस वर्षं संसार करते, नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी असलेलं नातं समोर येतं, आणि ती घटस्फोट घेते. आजी-नात एकत्र बसून बघतात त्या वेळेला, मुख्य नायिका, मुलं मोठी झालेली असताना घटस्फोट घेते आणि तरी प्रेक्षक तिच्याबरोबर राहतात. ही फार मोठी गोष्ट होती. धंद्यातल्या लोकांना ती बाहेरच्यांपेक्षा जास्त जाणवली.

पण ते कसं साधलं? आधी ती किती सोसते हे महिनोन् महिने दाखवून. कुणाचा चहा, कुणाच्या गोळ्या, कुणाचा डबा, शिवाय वर टोमणे. म्हणजे पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखं आहे हे: हप्ते पूर्ण भरलेत याची प्रेक्षकांना खात्री पटली, तेव्हाच त्यांनी तिला रक्कम काढू दिली. जी बाई दुसऱ्याच महिन्यात "मला हे जमणार नाही" म्हणेल, तिला हा आदर मिळत नाही. अजून कुठल्याही वाहिनीवर मिळालेला मी पाहिला नाही.

घटस्फोटानंतर दुसरी अडचण आली, ती पुन्हा सेटची. 'समृद्धी' बंगला, सासू कांचन, सासरे आप्पा, मुलं, सगळे तिथे. घर सोडलेली अरुंधती रोज या ना त्या कारणाने तिथे हजर. प्रेक्षक चिडून विचारायचे, "हिला स्वतःचं घर नाही का?" आहे हो, पण बाकीचे सगळे नट त्या हॉलमध्ये उभे आहेत. पुढे तिने आशुतोषशी लग्न केलं, तेही धाडसाचं होतं. मग आशुतोषचा मृत्यू दाखवला, आणि एवढी पुढे गेलेली बाई पुन्हा दुःख गिळणारी झाली. मला ते वळण आवडलं नाही. विधवेच्या दुःखावर भाग सहज निघतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्या संसारात सुखी असलेल्या बाईवर निघत नाहीत, ते लिहिण्याचा सराव आम्हाला कुणालाच नाही.

संजनाचं मात्र या मालिकेत बरं झालं असं माझं मत. ती आधी ठरावीक 'दुसरी बाई' होती. लग्न झाल्यावर अनिरुद्ध तिच्याशीही तसाच वागू लागला, आणि खलनायिका बायको झाल्यावर तिचं काय होतं हे आम्हाला मराठीत पहिल्यांदा नीट बघायला मिळालं. रुपाली भोसलेंनी ते केलंही छान.

'अग्गंबाई सासूबाई'ची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये सुनेने पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावायचं, ही कल्पना मला आजही भारी वाटते. निवेदिता सराफांची आसावरी इतकी खरी होती की बायका तिला आपल्या काकूसारखं मानायच्या. पण लक्षात घ्या, लग्न तिचं, आणि हवं असणं सुनेकडे, शुभ्राकडे. आसावरीने स्वतः "मला हा माणूस आवडतो" म्हणायला किती भाग घेतले! पुढे 'अग्गंबाई सूनबाई' आली तेव्हा तर तीच शुभ्रा, सासूसाठी जगाशी भांडलेली, एकदम बुजरी आणि आत्मविश्वास हरवलेली. पात्र बदललं नव्हतं, कामाची जागा बदलली होती. पहिल्या मालिकेत ती मदतनीस होती म्हणून धीट चालली. दुसऱ्यात मुख्य नायिका झाली, मग तिला सोसायला लावणं आलं.

'रंग माझा वेगळा'बद्दल एकच वाक्य लिहिते: सावळ्या रंगाच्या मुलीचा अपमान होऊ नये असं सांगणारी मालिका, आणि दीपा रंगवायला गोऱ्या अभिनेत्रीला रोज गडद मेकअप.

'माझ्या नवऱ्याची बायको'ची खूप टर उडवली गेली. मसाले करणारी राधिका बघता बघता कोट्यवधींच्या कंपनीची मालकीण झाली, हे हास्यास्पद होतंच. पण मी या मालिकेच्या बाजूने बोलेन. आमच्याकडे पैशाबद्दल बोलणारी नायिका जवळजवळ नाही. पगार किती, खात्यावर नाव कुणाचं, घर कुणाच्या नावावर, पोटगी किती, हे प्रश्न मालिकांत फक्त खलनायिका विचारते. राधिका मसाल्याचा भाव ठरवत होती, माल मोजत होती, बायकांना काम देत होती. आणि हे सगळं वैदर्भी बोलत. त्या बोलीचा विनोदासाठी वापर झाला हे नाकारत नाही, गावाकडची बोली म्हणजे भाबडेपणा हे समीकरण अजून मोडलेलं नाही. तरी नागपूरकडच्या बोलीत व्यवहार करणारी बाई अनिता दातेंनी घराघरात नेली.

आणखी एक फसवणूक सांगते, कारण प्रेक्षक तिला रोज बळी पडतात. प्रोमो आणि मालिका वेगवेगळी माणसं करतात. प्रोमोत नायिका पदर खोचते, डोळ्यांत अंगार, "आता बास!" आणि सणसणीत थोबाडीत. ते वीस सेकंद आठवडाभर फिरतात. प्रत्यक्ष भागात ती थोबाडीत शनिवारी शेवटच्या मिनिटाला बसते, तीन कोनांतून, आणि सोमवारी तीच नायिका माफी मागत असते कारण सासूबाईंना चक्कर आली. सबला बाई हवी अशी मागणी प्रोमोवाले पुरवतात, उरलेली वीस मिनिटं आम्ही.

मालिका कशी जोखायची, असं विचारलंत तर साडी-ड्रेस सोडून द्या, रडते किती तेही सोडा. एवढंच बघा: या आठवड्यात नायिकेने परत फिरवता येणार नाही असं काही केलं का? सही केली, विकलं, सांगून टाकलं, निघून गेली, नाही म्हणाली. आणि तिला जे कळलं ते तिने शोधून काढलं, की दाराआडून कानावर पडलं? महिनाभरात एकदाही असं काही झालं नसेल, तर पोस्टरवर तिचा कितीही मोठा फोटो असो, मालिका दुसऱ्याच कुणाची आहे.

तक्रार करता येते का? मारहाण, बाईची बदनामी, अंधश्रद्धा यासाठी करता येते. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत स्त्रीची प्रतिमा मलिन करणारं दाखवू नये असं कलम आहे, आणि वाहिन्यांच्या संघटनेने २०११ पासून तक्रारींसाठी बीसीसीसी नावाची समिती नेमली आहे. मात्र गप्प बसवण्याविरुद्ध कुठलं कलम नाही. तूरडाळीच्या डब्यात पत्र लपवलं म्हणून कुणावर कारवाई होणार?

राहिला लिहिणाऱ्या बायकांचा प्रश्न. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसरीचे, आणि वर मान्यता वाहिनीची. संवाद लिहिणारीच्या हातात सीन येतो तेव्हा काय घडणार हे ठरलेलं असतं. ते कसं घडणार, एवढंच माझं. तिथे मी हट्टाने काही गोष्टी करते. नायिका रडत असेल तर तिच्या हाताला त्याच वेळी घरकाम देत नाही. तिला नवऱ्याशी बोलायचं असेल तर "अहो, एक विचारायचं होतं" ऐवजी "अहो, एक सांगायचंय" लिहिते. सासू-सून भांडतात तेव्हा सासूला एक तरी वाक्य असं देते की तिचंही बरोबर वाटावं. सासऱ्यांना स्वतःचं ताट उचलायला लावते. ज्या बदलाला नवा सेट लागत नाही आणि ज्याने कथेचा ठरलेला ट्रॅक मोडत नाही, त्यावर सहसा नोट येत नाही. 'सांगायचंय' मात्र दोनदा कापलं गेलंय.

बंद करावं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण वाहिनीच्या पानावर प्रतिक्रिया देणार असाल, तर "किती रडवता" किंवा "मालिका बंद करा" असं लिहू नका. अशा हजारो येतात आणि त्यांचा अर्थ 'लोक बघतायत' असाच लावला जातो. वार आणि प्रसंग लिहा. गुरुवारच्या भागात हिला पत्र मिळालं तेव्हा हिने घरात का सांगितलं नाही, असं विचारा. त्याच प्रसंगाबद्दल दहा-बारा जणींनी विचारलं, तर ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं जातं, आणि आमच्यासारखीला त्या टेबलावर बोलायला काहीतरी हाताशी मिळतं.